उरलेलं गरम पाणी

“हा झरोका बुजवायचा नाही. धूर दिसला नाही तरी बुजवायचा नाही,” जोतिबा न्हाणीघराच्या छपरावरून म्हणाला.

मी खाली अंगणात शार्दूलला पोटाशी धरून उभी होते. वरून कौलांचा चुरा पडत होता, म्हणून त्याच्या टोपीवर हाताचा पंजा धरला होता. “बरं बरं,” मी म्हणाले, “आधी ते कौल नीट बसवा. गळलं तर बाळाच्या अंगावर गळेल.”

जोतिबा माझा नवरा. गोव्याला एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचं काम करायचा. शनिवारी संध्याकाळी घरी यायचा आणि सोमवारी दिवस उजाडायच्या आत परत जायचा. मधल्या दिवसांत घरात मी, बाळ आणि सासूबाई. सासूला आमच्या चंदगड भागात आत्ती म्हणतात. मी निपाणीची, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, पण मीही आत्तीच म्हणायचे.

शार्दूल दिवस भरायच्या आधी झाला होता. जन्मल्यावर काही दिवस काचेच्या पेटीत होता, आणि घरी आल्यावर एकदा छाती भरून परत दवाखान्यात गेला. सोडताना डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की याला गारठ्यापासून जपा. ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं आणि बाकी सगळं बाहेर गेलं. मला त्या दिवसांत आनंद होत नव्हता, रडू येत नव्हतं, भूकसुद्धा लागायची नाही. मी फक्त बघायचे. त्याची छाती वर जाते का, खाली येते का, ओठांचा रंग कसा आहे, तळवे गार आहेत का.

आमच्याकडे पावसाळा लागला की वीज आहे असं धरून चालायचंच नाही. भिंतीवर गिझर होता, त्यावर आत्ती ओला पंचा वाळत घालायच्या. जुना तांब्याचा बंब बुडाला गळत होता. म्हणून जोतिबाने नवा बनवायला घेतला. जाड पत्र्याचं एक पिंप कापून त्याच्या मधोमध नळी वेल्ड केली, खाली सळ्यांची जाळी, त्याच्याखाली राखेचा खण. जाळ खाली पेटवायचा, धूर मधल्या नळीतून वर जाणार, आणि नळीभोवतीचं पाणी तापणार. वर एक नरसाळं. त्यात गार पाणी ओतलं की ते आतल्या नळीने थेट बुडाशी जायचं आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडायचं. तांब्याभर ओता, तांब्याभर घ्या.

आत्तींना हे पसंत नव्हतं. “तोटीला चावी बसीव की रं. तांब्या-तांब्या वतत कोण बसंल?”

“चावी बसवली की कोणीतरी बंद करणार. मग वाफेनं जायचं कुठनं?” जोतिबा म्हणाला. “तोटी उघडी, नरसाळं उघडं. ह्याला झाकण नाही, चावी नाही. आणि पाणी भरल्याबिगर जाळ घालायचा नाही.”

“तुझ्या बानं आणलेल्या बंबाला झाकण हुतं.”

“म्हणूनच त्यानं वैतागून बूड सोडलं.”

आत्ती तोंडाला पदर लावून हसल्या. मला आठवतं ते, कारण त्यानंतर त्या तशा हसलेल्या मला फारशा आठवत नाहीत.

बंब कुठे ठेवायचा यावरून मात्र वाद झाला. जोतिबाचं म्हणणं होतं, मागच्या भिंतीच्या बाहेर पत्र्याची पडवी काढू, जाळ बाहेर राहील. मीच नको म्हणाले. आमच्याकडचा पाऊस आडवा येतो. आत्ती बाहेर भिजत जाळ घालणार आणि त्याच गारठलेल्या हातांनी बाळाला धरणार. शिवाय बंब आत असला की न्हाणीघर ऊबदार राहतं. आत्तींनीही मान डोलावली. आई आणि बायको एका बाजूला झाल्यावर जोतिबाचं काही चाललं नाही. बंब आत आला. धुराडं छपरातून वर काढलं, वळचणीखाली वीतभर झरोका पाडला, दाराखाली फट ठेवली. पुढच्या सोमवारी तो गेला.

जुलैमध्ये लाकडं ओली झाली. जाळ पेटेना, नुसता कोंदायचा. शेजारच्या सावित्राक्का काजूच्या कारखान्यात होत्या. त्यांनी टरफलांची पोती आणून दिली. काजूच्या टरफलात तेल असतं. ठिणगी लागायचा अवकाश, भडकतं. आत्ती खूश. पण वळचणीच्या झरोक्यातून वाऱ्याबरोबर पावसाचे तुषार आत यायला लागले, आणि आत्तींनी जुन्या वाकळेचा बोळा करून तो बुजवला. दाराच्या फटीला पोतं लावलं. बाळ-बाळंतिणीला वारं लागू नये, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मी ते बघितलं. बरं वाटलं, असं म्हणता येणार नाही, कारण तेव्हा मला बरं-वाईट काही वाटतच नव्हतं. पण बाळाच्या अंगावरचा वारा थांबला, हे मी मनात नोंदवलं.

बंद खोलीत जळणाचं काय होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्यावर विचार केला होता. बाळाची अंघोळ सगळ्यात आधी असायची. तेव्हा जाळ मोठा, धूर सगळा वर ओढला जायचा. आत्ती पाय पसरून पाटावर बसायच्या, नडग्यांवर बाळाला पालथं घालायच्या, मी तांब्या द्यायला सारखी आत-बाहेर करायचे, दार उघडंच म्हणा ना. दोन बादल्यांत सगळं उरकायचं. एवढ्यात काही होणार नाही, असं माझं गणित होतं. बाळापुरतं ते गणित मला आजही चुकलेलं वाटत नाही.

शनिवारी दुपारी मात्र आत्ती स्टुलावर चढून तो बोळा काढून ठेवायच्या. “त्याला दिसलं तर बोंबलंल,” म्हणायच्या. जोतिबाला काहीच कळायचं नाही. तो तसाही अंगणात नळाखाली गार पाण्याने अंघोळ करायचा. सोमवारी तो गेला की बोळा परत वर.

पावसाळा अर्ध्यावर आला तेव्हा आत्तींचं डोकं दुखायला लागलं. सकाळचं सगळं आवरून बाहेर आल्या की कपाळाला फडकं बांधून उंबऱ्यावर बसायच्या. एकदा परसात जाऊन उलटी केली. सावित्राक्का म्हणाल्या पित्त, कोकम घ्या. हळूहळू हात मंदावले. आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं. हाक मारली तर ओ उशिरा यायची, कधी यायचीच नाही. रविवारी मात्र त्या बऱ्यातल्या बऱ्या असायच्या. उठून घावन करायच्या, जोतिबाशी दोन शब्द भांडायच्या. सावित्राक्का कुंपणापलीकडून टोमणा मारायच्या, “लेक दिसला की म्हातारीचं दुखणं पळालं. सुनंला बघितलं की आलं माघारी.”

मी हे सगळं बघत होते. माझ्यासारखं बघणारं त्या गल्लीत दुसरं कुणी नसेल. पण मला दिसत होतं ते एवढंच, की या हातांत माझं बाळ आहे.

मी जोतिबाला फोनवर सांगितलं, आत्तींच्या हातात बाळ द्यायला आता भीती वाटते. तो म्हणाला, तिला बोलू नको तसं. मी बोलणार नाही म्हटलं.

एका सकाळी तेल लावताना त्यांचा हात निसटला आणि बाळाची मान एका बाजूला कलली. काही झालं नाही. ते रडलंही नाही. मी त्याला उचलून घेतलं.

“राहू द्या, आत्ती. उद्यापासून मी घालते अंघोळ.”

त्यांनी तेलाचे हात स्वतःच्याच पायांना पुसले. “घाल की. तुझंच लेकरू हाय.” मग बंबाकडे बघत, “हात ऐकंनासं झाल्यात खरं,” म्हणाल्या.

मी ऐकलं. बाळाला दुपट्यात गुंडाळून घरात नेलं.

दुसऱ्या दिवसापासून मी बाळाची अंघोळ स्वयंपाकघरात घालू लागले, प्लॅस्टिकच्या टबात. आत्ती बादली भरून दारात आणून ठेवायच्या आणि परत जायच्या. माझी स्वतःची अंघोळ म्हणजे दोन तांबे अंगावर घेऊन पळत बाळाकडे येणं. त्यानंतर न्हाणीघर त्यांचं. बंबातलं उरलेलं गरम पाणी वाया घालवायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. आधी त्या पाण्यात बाळाची दुपटी, लंगोट धुवायच्या, मग माझे कपडे, मग निखाऱ्यावर जेवढं पाणी तापलेलं असेल तेवढ्यात स्वतःची अंघोळ. घरातल्या बाईने शेवटी जायचं. माझ्या आईचंही तसंच होतं. दार लावून त्या आत किती वेळ असायच्या, हे मला सांगता येणार नाही. मी कधी बघितलंच नाही.

तो आठवड्यातला मधला वार होता. पावसाची नुसती झड लागली होती. आत्ती बादली ठेवून गेल्या, आमचं एकमेकींशी काही बोलणं झालं नाही. आदल्या दिवशीही झालं नव्हतं. मी बाळाला अंघोळ घातली, गुंडाळलं, पाजलं, पाळण्यात ठेवलं. कोरडं दुपटं घ्यायला चुलीवरच्या दोरीकडे गेले तर दोरी रिकामी. नेहमी तोवर धुतलेली दुपटी तिथे आलेली असायची.

मागच्या दाराने न्हाणीघरापाशी गेले. पाण्याचा आवाज नव्हता. “आत्ती?” म्हणून हाक मारली. दारावर बोटाने टकटक केलं. काही नाही. मला वाटलं, अजून राग धरून बसल्यात.

“दुपटी झाली की हाक मारा,” दाराला सांगितलं आणि परत आले.

बाळ पाळण्यात शांत होतं. मूठ उघडून बघत होतं, मिटून बघत होतं. मी शेजारी बसले आणि त्याचा श्वास बघत राहिले. अंगणात पन्हळीचं पाणी दगडावर पडत होतं. मग त्याने शेवटचं कोरडं दुपटं ओलं केलं, आणि मी उठले.

या वेळी मी दार हलवलं. आतून कडी होती. खाली पोतं होतं, त्यामुळे फटीतून काही दिसेना. मी कुंपणापाशी जाऊन सावित्राक्कांना हाक मारली. त्या पहार घेऊन आल्या. कडी जुनी होती, दोन धक्क्यांत निघाली.

आत धूर नव्हता. वासही नव्हता. नुसती छान ऊब होती, थंडीत गोधडीत शिरल्यासारखी. बंबाच्या जाळीवर निखारे लाल होते. आत्ती भिंतीला टेकून दगडावर बसल्या होत्या, ओल्या लुगड्यानिशी, अर्धवट पिळलेलं दुपटं दोन्ही हातांत. गाल गुलाबी झाले होते. त्यांचं तोंड इतकं टवटवीत मी कधी पाहिलं नव्हतं.

“डोळा लागलाय जणू बाईचा,” सावित्राक्का म्हणाल्या.

मला तेव्हा कळलं. आधी कानशिलं ठणकली, आणि मग कॉलेजात पाठ केलेलं कार्बन मोनॉक्साइडचं पानच्या पान डोळ्यांसमोर आलं, त्यातल्या त्या गुलाबी रंगासकट.

“बाहेर ओढा,” मी म्हणाले.

आम्ही दोघींनी काखेत हात घालून त्यांना परसात ओढलं. सावित्राक्का त्यांना घरात न्यायला बघत होत्या. “वारं लागंल की गं तिला, वली हाय ती.”

“लागू दे,” मी म्हणाले.

पाऊस त्यांच्या तोंडावर पडत होता. मी त्यांची हनुवटी वर धरून छातीकडे बघत बसले. वर जाते का, खाली येते का. जात होती, पण फार उशिरा. तेवढं मला बघता येत होतं. त्यात मी तयार झालेले होते.

काजूच्या कारखान्याची जीप मिळाली. निघताना मी शार्दूलला सावित्राक्कांच्या हातात दिलं. त्याला कसं धरायचं, किती वेळाने पाजायचं, यातलं काहीही न सांगता दिलं आणि जीपमध्ये बसले. गडहिंग्लजच्या दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, आत शेगडी होती का. मी म्हणाले, बंब. ते म्हणाले, खिडकी? मी म्हणाले, होती.

जोतिबा संध्याकाळी पोचला. आईकडे काचेतून बघितलं, मग माझ्याकडे वळून बाळ कुठाय म्हणून विचारलं. झरोक्याचं त्याने त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन तो छपरावर चढला आणि धुराडं उतरवून घेतलं. काजूच्या टरफलांचं तेल आतून डांबरासारखं थरावर थर बसलं होतं. नळीतून करंगळीसुद्धा धड जाईना. मोठा जाळ असेपर्यंत धूर कसाबसा वर जायचा. निखारे झाले की काहीच वर जात नव्हतं, सगळं खोलीत उतरत होतं, आणि निखाऱ्याला धूर नसतो.

आत्ती वाचल्या. डोळे उघडले, दुसऱ्या दिवशी पाणी मागितलं, काही दिवसांनी घरी आल्या. तोवर जोतिबाने रजा काढून बंब भिंतीबाहेर नेला होता. वर पत्र्याची पडवी. आत येत होत्या फक्त दोन नळ्या, एक नरसाळ्याची, एक तोटीची. जाळ बाहेर, राख बाहेर. धुराडं कौलांच्या वर चांगलं उंच नेलं आणि खालच्या टोकाला झाकण ठेवलं, ते काढून महिन्याच्या महिन्याला आतली काजळी खरवडायची. टरफलांची पोती सावित्राक्कांना परत गेली. झरोक्याच्या जागी त्याने एवढी मोठी सिमेंटची जाळी बसवली की ती बुजवायला आख्खी वाकळ लागली असती. दाराची आतली कडी परत लावलीच नाही. पावसात बाहेर जाऊन जाळ घालायचं काम माझ्याकडे आलं. रेनकोट घालून मी ते केलं. बाळ आत रडत असलं तर रडू द्यायचे.

आत्तींची चाल तशीच सावकाश राहिली. शब्द जरा थांबून यायचे. पण डोकं साफ झालं, आमटी पूर्वीसारखी व्हायला लागली.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. उन्हं आली होती. आत्ती ओसरीवर बसल्या होत्या, शार्दूल त्यांच्या पुढ्यात पालथा पडून सरकायला बघत होता. मी तांदूळ निवडत होते.

“त्या दिशी तू आलतीस न्हवं दाराशी,” त्या म्हणाल्या.

मी सुपातून मान वर केली नाही. “कधी?”

“आदी. पहार घिऊन आलासा, त्येच्या आदी. दुपटी झाली की हाक मारा म्हणालीस.”

माझा हात तांदळात थांबला.

“ऐकलं मी. तुझा आवाज वळखला. ओ म्हणायचं हुतं.” त्या थांबल्या, शब्द यायची वाट बघत. “तोंडच हलंना बघ. हात उचलायला गेले तर हात कुठं हाय त्येच कळंना. म्हटलं हाय ही दारात, आता येतीया आत. मग तुझी चप्पल वाजली. गेलीस.”

ओसरीखाली कोंबडी माती उकरत होती. मी एक खडा उचलला आणि तो बाजूला टाकायचं विसरून हातातच धरून बसले.

“बाळ रडत हुतं व्हय गं?”

“हो,” मी म्हणाले.

“मग बरं केलंस,” आत्ती म्हणाल्या, आणि शार्दूलच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. हळूहळू, जरा थरथरत. मी तो हात बाजूला केला नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. शार्दूल शाळेत जातो. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, जोतिबालाही नाही. आज लिहिते आहे ते एवढ्याचसाठी. तुमच्या घरात सगळ्यांची अंघोळ झाल्यावर शेवटी आत कोण जातं, ते एकदा आठवून बघा. तुमची आई असेल, सासू असेल, नाहीतर गावाकडे एकटी राहणारी चुलती असेल, जिला फोन करायचं तुमच्या मनात कधीपासून आहे. बंब असो, शेगडी असो, गॅसवरचा गिझर असो. आज तिच्या दाराशी जा, हाक मारा. आतून काही आलं नाही, तर ती रागावली आहे असं समजून परत फिरू नका. ओ येईपर्यंत तिथेच थांबा, आणि आली नाही तर दार उघडा.